द्रवचालित ब्रेक व क्लचमधील गळती

मोटारगाडीत चालकाच्या पायाचा जोर नळीतील द्रवाकरवी ब्रेक व क्लचपर्यंत पोहोचविला जातो. हा द्रव यंत्रणेबाहेर, किंवा यंत्रणेतच नको त्या बाजूस, झिरपणे म्हणजे द्रवगळती. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात दाखविले. तत्त्व साधे होते. द्रव बंदिस्त ठेवणे मात्र सोपे नव्हते. या यंत्रणेचा इतिहास बव्हंशी गळती आवरण्याचाच इतिहास आहे.

जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडात जलीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. दट्ट्या घट्ट बसविला तर सरकेना आणि सैल ठेवला तर पाणी निसटे. या पेचातून वाट काढण्याचे श्रेय त्यांचे सहकारी हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. त्यांनी वापरलेल्या चामडी वाटीची कड पाण्याच्या दाबानेच सिलिंडरच्या भिंतीला चिकटे. दाब जितका अधिक, तितकी ती घट्ट. आजच्या ब्रेकमधील रबरी वाटी तिचीच वंशज होय. उभ्या गाडीखाली सकाळी डाग दिसतो, पण ब्रेक दाबून पाहता काहीच गळत नाही, या कोड्याचे उत्तरही येथेच आहे : झिजलेली वाटी अल्प दाबाला पाझरते व मोठ्या दाबाला तग धरते.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास मोटारीसाठी द्रवीय ब्रेकची योजना मांडली व १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीत ती चारही चाकांना बसविण्यात आली. प्रारंभीच्या चामडी वाट्या गळत. १९२४ मध्ये क्रायस्लर गाडीच्या अभियंत्यांनी त्या जागी रबर आणले, तेव्हा कोठे ही योजना व्यवहार्य झाली. रबराने स्वतःची अट मात्र घातली. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते. म्हणून एरंडेल व अल्कोहॉल यांचे मिश्रण वापरात आले आणि पुढे त्याची जागा ग्लायकॉल ईथरवर्गीय द्रवांनी घेतली. ‘ब्रेक ऑइल’ हे रूढ नाव त्या अर्थाने फसवे आहे. टाकीत एंजिनाचे तेल ओतल्यास यंत्रणेतील सर्व वाट्या निकामी होतात आणि मग दुरुस्ती एका चाकापुरती राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील जीप गाड्यांत द्रवीय ब्रेक होते आणि युद्धानंतर भारतातही त्या रूढ झाल्या. चारही चाके एकाच द्रवमार्गावर असल्याने एक नळी फुटली की सर्व ब्रेक जात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुहेरी मार्ग आवश्यक ठरले, ते या उणिवेमुळेच. मालमोटारी व बसमधील हवेच्या ब्रेकमध्ये थोडी गळती संपीडक (कॉम्प्रेसर) भरून काढतो. मोटारीच्या लहान टाकीतला द्रव गेला तो गेलाच.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते जळगाव या मार्गावर सिल्लोड हे तालुक्याचे गाव आहे. पुढे अजिंठ्याहून रस्ता घाटाने फर्दापूरकडे उतरतो. या मार्गाने लेणी पाहण्यास निघालेल्या गाडीची ब्रेक-टाकी तपासण्याची योग्य जागा घाटापूर्वीचे सिल्लोड, घाटाचा पायथा नव्हे. ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीच्या द्रवासाठी ठरविलेली किमान मर्यादा कोरडा असता २०५° से. व ओला असता १४०° से. आहे. लांब उतारावर ब्रेक तापून द्रव उकळला, तर वाफ दबते आणि पेडल खाली जाते. हे गळतीचे लक्षण भासते, पण द्रव एक थेंबही कमी झालेला नसतो.

निदान करताना प्रथम टाकीतील पातळी पाहतात. ती सावकाश उतरणे नेहमीच गळतीचे चिन्ह नसते; अस्तरे झिजली म्हणजे दट्टे पुढे सरकतात व द्रव तेथे साठतो. पेडल सतत दाबून धरले असता ते हळूहळू बुडत गेले आणि बाहेर कोठेही ओल नसली, तर मुख्य सिलिंडरातील वाटी आतल्या आत द्रव सोडते असे समजावे. चाकाच्या आतील बाजूची ओल चाक-सिलिंडर वा रबरी नळीकडे बोट दाखविते. क्लचची गळती बहुधा गिअर अडखळण्यावरून कळते. चालकाच्या पायाखाली ओल असल्यास दोष क्लचच्या मुख्य सिलिंडरात, गिअरपेटीजवळ असल्यास दुय्यम सिलिंडरात. (१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चा क्लच तारेने चाले, त्यामुळे तीत हा प्रश्नच उद्भवत नसे.) ओल ब्रेकद्रवाची की गिअर-तेलाची, हे पाण्याने ठरते : पहिला द्रव पाण्यात मिसळतो, तेल तरंगते. ब्रेकद्रव रंगही उतरवितो.

दुरुस्तीत वाट्या बदलणे हा सोपा भाग. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असल्यास नवी वाटीही लवकर फाटते, म्हणून सिलिंडरच बदलावा. एका चाकाचे काम निघाले तर त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही करावे. द्रवाने भिजलेली अस्तरे धुऊन वापरू नयेत. अखेरीस हवा काढतात. सामान्यतः मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून, टाकी रिकामी होऊ न देता, बुडबुडे थांबेपर्यंत.