तळघरातील पाण्याचा बंदोबस्त

नवे घर बांधताना तळघरासाठी जो खड्डा खणतात, तो भिंतींच्या रेषेहून ऐसपैस असतो, आणि भिंती उभ्या राहिल्यावर भोवतीच्या पोकळीत बहुधा तीच उकरलेली माती परत लोटली जाते. ही भर मूळ भूमीइतकी घट्ट नसल्यामुळे पावसाचे पाणी तिच्यात सहज उतरते, आणि सभोवारची चिकण माती त्याला पुढे जाऊ देत नाही म्हणून ते भिंतीला टेकून साचत राहते. मीटरभर साचलेले पाणी आपल्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1000 किलोग्रॅमचा भार घालते. या अविरत दाबापुढे भिंतीवरचा नुसता जलरोधक लेप किती काळ तग धरणार? पाणी भिंतीशी थांबूच न देता त्याला वाट काढून द्यावी, हा उपाय प्रथम शेतात रुजला.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जिनीव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन नावाचा स्कॉटिश शेतकरी राही. 1835 साली त्याने मायदेशाहून भाजक्या मातीच्या निचरा-नळ्यांचे नमुने मागवले, तशा नळ्या जवळच घडवून घेतल्या आणि आपल्या चिबड शेतात पुरल्या. हा माणूस जमिनीत मातीची भांडी गाडतो आहे, अशी शेजाऱ्यांनी त्याची टवाळी केली. पुढे त्याचे भरघोस पीक पाहून त्यांनीच त्याचे अनुकरण केले.

या विद्येला ग्रंथरूप देणाऱ्यांत अग्रगण्य हेन्री फ्लॅग फ्रेंच. पेशाने वकील, पुढे न्यायाधीश आणि अखेरीस वॉशिंग्टनच्या अर्थखात्यात सहायक सचिवाच्या हुद्द्यावर पोचलेल्या या गृहस्थाने 1859 साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. (लिंकनचा विख्यात बैठा पुतळा घडवणारा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हा त्याचा मुलगा.) त्या ग्रंथात तळघरांवर स्वतंत्र प्रकरण असावे, यात मला लेखकाची खरी दृष्टी दिसते: ओले तळघर आरोग्यास घातक, सिमेंटने काम भागत नाही, नळ्यांचा निचराच हवा, असे त्याने त्या काळी निक्षून बजावले. खडीने भरलेल्या चरातून पाणी वाहून नेणाऱ्या निचऱ्याला ‘फ्रेंच ड्रेन’ हे नाव त्याच्याच आडनावावरून रूढ झाले.

आज मातीच्या नळीची जागा सच्छिद्र प्लॅस्टिकच्या नळीने घेतली आहे. गाळ शिरू नये म्हणून खडीभोवती जाळीदार कापड गुंडाळतात आणि पाणी उताराने बाहेर नेता येत नसेल तेथे हौदात जमवून पंपाने उपसतात. नळी मात्र पायाच्या तळाशी, तळघराच्या फरशीहून खालीच असली पाहिजे. तिची भोके खाली तोंड करून ठेवतात, कारण खडीतील पाण्याची पातळी तळातूनच वर चढते, आणि भोके वर असतील तर नळीत शिरण्याआधी पाण्याला तेवढी उंची गाठावी लागते.