आघाडीचा सेनानी

१६७४ सालीं नेसरीच्या खिंडींत सरनौबत प्रतापराव गुजर धारातीर्थीं पडले, तें महाराजांच्या शब्दाचा सल मनांत घेऊन. कर्नल संतोष महाडिक आघाडीस गेले, ते मात्र निव्वळ कर्तव्य म्हणून.

सातारा जिल्ह्यांतील पोगरवाडी हें त्यांचें गांव. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक शाळेंत. पुढें ते २१ पॅरा या निवडक छत्रीधारी दळांत दाखल झाले. शत्रूच्या मुलखांत गुप्तपणें शिरणारें हें दळ मूळचें मराठा पलटणच. १९९६ सालीं तिचें रूपांतर झालें. ईशान्य भारतांतील कामगिरीबद्दल त्यांस सेनापदक मिळालें.

२०१५ सालीं ते काश्मिरांत ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. पलटणीच्या प्रमुखानें मागें राहून सूत्रें हालविलीं, तर त्यास कोणी दोष देत नाहीं. तथापि १७ नोव्हेंबर रोजीं कुपवाड्याच्या अरण्यांत अतिरेक्यांचा माग काढतांना ते स्वतः पुढें होते. तेथें लागलेल्या गोळ्यांनीं त्यांचा अंत झाला. सरकारनें मरणोत्तर शौर्यचक्र दिलें.

त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या. पतीच्या अंत्यसंस्काराच्या वेळींच त्यांनीं सैन्यांत जाण्याचा निश्चय बोलून दाखविला, आणि चेन्नईस शिक्षण पुरें करून २०१७ सालीं त्या लेफ्टनंट झाल्या. पुढें चालणाऱ्याच्या मागें वाट उरते, ती अशी.