खोलीखोलीचा गारवा



आमच्या वाशीमच्या जुन्या घरात उन्हाळ्यात माणसंच गारव्यामागे फिरायची. दुपारी जाड मातीच्या भिंतींचं माजघर, संध्याकाळी पाणी शिंपडलेलं अंगण, रात्री गच्ची. मग कूलर आला. साठल्या पाण्यात अळ्या होऊ नयेत म्हणून सासूबाई रोज टाकी उपसून कोरडी करायच्या आणि गाळलेलं पाणी भरायच्या.

एसी मुळात घरासाठी नव्हताच. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी तो आखला, कारण दमट हवेनं कागद फुगून छपाईचे रंग सरकायचे. पुढं १९८२ मध्ये जपानच्या डायकिननं बाहेरच्या एकाच यंत्रावर अनेक खोल्या आणि प्रत्येकीचा गारवा वेगळा, अशी पद्धत आणली. डक्टचा एसी असेल तर खोलीच्या वाटेवर झडप असते; त्या खोलीचा थर्मोस्टॅट ती उघडतो, मिटतो.

मागच्या वैशाखात सासूबाईंना घेरी आली. चौविहार असल्यानं रात्री पाण्याचा थेंब नाही, आणि चौविहार त्या सोडणार नाहीत. म्हणून दोन खोल्यांपुरता एसी घेतला. त्यांच्याकडे २७, मुलांकडे २४. स्वयंपाकघर मात्र तसंच तापतं, आणि तिथं मी असते!