हवामानाची नाडी खोल समुद्रात

सन १७५१ मध्ये हेन्री एलिस या इंग्रज कप्तानाने अटलांटिक महासागराच्या उष्ण पट्ट्यात झडपा बसवलेली बादली दोराने खोल सोडली. वरचे पाणी कोमट होते. खालून आलेले मात्र थंडगार निघाले. गुलामांची वाहतूक करणाऱ्या त्या जहाजावर या पाण्याचा उपयोग झाला तो मद्य गार करण्यासाठी! विषुववृत्ताकडील हे थंड पाणी ध्रुवाकडून तळातळाने येत असले पाहिजे, हा उलगडा काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केला.

उष्ण आणि खारट पाणी अटलांटिकमधून उत्तरेकडे वाहते. ग्रीनलँड-नॉर्वेच्या परिसरात ते आपली उष्णता हवेला देते, थंड व जड होऊन तळाकडे बुडते आणि खोलवरून दक्षिणेकडे परतते. पश्चिम युरोपचा हिवाळा त्यामुळे सौम्य राहतो. अंटार्क्टिकाजवळही पाणी असेच बुडते. या जागतिक फेरीला सुमारे हजार वर्षे लागतात.

हवामानही समुद्राला तसेच सोडत नाही. हरितगृह वायूंमुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक महासागरांनी शोषली आहे. आज दिसणारी तापमानवाढ ही उरलेल्या अल्प वाट्याची आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. शिवाय ग्रीनलँडचे बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात मिसळते. गोडे पाणी हलके असल्याने बुडण्याची क्रिया मंदावते. असे अभिसरण एका मर्यादेपलीकडे एकाएकी कोलमडू शकते, हे हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवले. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात अचानक परतलेल्या थंडीचे कारण बहुतेक शास्त्रज्ञ यातच शोधतात.

२००४ पासून अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर या प्रवाहाचे अखंड मापन सुरू आहे. चालू शतकात तो मंदावण्याची दाट शक्यता आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ च्या अहवालात म्हटले. २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, याबद्दल मात्र समितीने केवळ 'मध्यम' खात्री दिली. तसे घडल्यास उष्ण कटिबंधातील पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकेल व आशियातील मोसमी पाऊस दुबळा होईल. म्हणजेच प्रश्न केवळ युरोपचा नाही.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था हिंदी महासागरात 'आर्गो' नावाची तरंगती स्वयंचलित यंत्रे सोडते. जगभरातील अशी बहुतेक यंत्रे २,००० मीटरपर्यंतच उतरतात. महासागराचे जवळपास निम्मे पाणी त्याहून खाली आहे. ६,००० मीटरपर्यंत जाणारी यंत्रे आता तयार झाली आहेत, पण त्यांची संख्या अद्याप थोडीच आहे.