कोल्हापूरचा मोटारखाना : एका राजचिन्हाच्या खर्चाचा विचार

संस्थानी काळाच्या इतिहासलेखनात मोटारीला फारसे स्थान मिळालेले नाही. राजवाडे, दरबार, शिलेखाने यांची वर्णने विपुल आढळतात. मोटारीचा उल्लेख मात्र राजाच्या हौसेचे किंवा उधळेपणाचे उदाहरण म्हणून येतो आणि तेथेच संपतो. मोटार ही विकत आणलेली वस्तू, तिची किंमत समजली की तिच्याविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशी असावी. वस्तुतः खरेदी हा मोटारीच्या खर्चाचा केवळ प्रारंभ होय. जुनी मोटार बाळगण्याचे आकर्षण आणि ती चालती ठेवण्याचा खर्च हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे कोल्हापूरच्या उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या (राज्यकाल १८९४–१९२२) आठवणींत त्यांच्या खडखड्याचा उल्लेख वारंवार येतो. स्वतः लगाम हाती धरून महाराज निघत आणि वाटेत भेटलेल्या सामान्य माणसासही त्या गाडीत घेत, हे चित्र कोल्हापूरकरांच्या मनात आजही ताजे आहे. त्या वाहनाचे तेज त्याच्या किमतीत नव्हते, हे उघड आहे. तथापि घोड्याची गाडी स्वस्त असते असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. घोडा उभा असला तरी खातो. पागेचा खर्च म्हणजे चंदी, वैरण, मोतद्दार, नालबंद आणि सामान दुरुस्त करणारा चर्मकार. आणि हा खर्च, घोडा जोडला जावो वा न जावो, नित्य चालू राही.

पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मराठीने जो शब्द घडविला तो लक्षणीय आहे. पीलखाना, रथखाना, तसाच ‘मोटारखाना’. शब्दाची ही घडणच सांगते की नव्या यंत्राकडे एक नवे वाहन एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले नाही. राजाच्या लवाजम्यातील जुन्या खात्यांच्या ओळीत त्याला बसविण्यात आले. हत्तीला माहूत, घोड्याला मोतद्दार, तसा मोटारीला शोफर आणि मेस्त्री. परंतु दोन्ही खर्चांत एक मूलगामी फरक होता. चंदी आणि वैरण संस्थानच्याच शेतातून येई व तिचा पैसा मुलखातच फिरे. पेट्रोल, टायर आणि सुटे भाग मात्र समुद्रापलीकडून येत आणि त्यांची किंमत रोख पैशात बाहेर जाई. १८९१ मध्ये मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला होता, म्हणून हा माल आणणे सुकर झाले इतकेच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण सुरू होऊन ठिकठिकाणी कोळशाच्या वायूवर मोटारी चालवाव्या लागल्या, तेव्हा हे परावलंबन सर्वांच्याच प्रत्ययास आले.

कोल्हापूरच्या राजघराण्याच्या मोटारींपैकी सर्वांत परिचित ती मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीशी (१९२२–१९४०) तिचे नाते सांगितले जाते. ही मोटार बनविणारा कारखाना जर्मनीत बोडन सरोवराच्या काठी फ्रीडरिक्सहाफेन येथे होता. झेपेलिन विमाननौकांसाठी इंजिने तयार करणे हा त्याचा मूळ उद्योग. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर बंधने आली, तेव्हा कार्ल मेबॅक याने १९२१ पासून मोटारींकडे लक्ष वळविले. पुढील सुमारे वीस वर्षांत या कारखान्यातून जेमतेम १,८०० मोटारी बाहेर पडल्या. कारखाना मुख्यतः इंजिन आणि चासी तयार करी. वरचा साज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे वेगळ्या कारागिरांकडून चढविला जाई. त्यामुळे दोन मेबॅक तंतोतंत सारख्या असणे दुर्मीळच. युद्धकाळात तेथे रणगाड्यांची इंजिने होऊ लागली आणि युद्धानंतर मोटारींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले नाही. १९६० मध्ये डाइम्लर-बेंझ कंपनीने हा कारखाना आपल्याकडे घेतला. जुन्या मोटारीच्या आकर्षणाचे आणि तिच्या खर्चाचे मूळ असे एकाच ठिकाणी सापडते : जी वस्तू पुन्हा होणार नाही तिचा सुटा भागही पुन्हा होणार नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये मांडलेली दिखाऊ उपभोगाची मीमांसा अशा वस्तूंना सर्रास लावली जाते. खरेदीच्या क्षणापुरती ती पटते. पण खरेदीनंतर ऐंशीहून अधिक वर्षे ती वस्तू चालती का ठेवली गेली, याचे उत्तर तिच्यात नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले. मोटारखान्यामागे असलेला राज्याचा खजिना नाहीसा झाला आणि तोच खर्च खासगी झाला. देशातील कित्येक संस्थानिकांनी या काळात आपल्या मोटारी विकून टाकल्या. त्यांतील अनेक परदेशी संग्राहकांच्या हाती गेल्या आणि अशा निर्यातीवर पुढे सरकारला निर्बंध घालावे लागले. मोटार विकण्यास सबळ कारण असताना ती ठेवली जाते, तेव्हा त्यामागे प्रदर्शनाच्या हौसेहून निराळे काही असले पाहिजे.

कोल्हापुरात ते दसऱ्याच्या सायंकाळी दिसते. अंबाबाई व भवानीच्या पालख्या दसरा चौकात येतात, छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅकमधून तेथे पोहोचतात, शमीपूजन होते आणि मग सोने लुटले जाते. सीमोल्लंघनाच्या या विधीत हत्ती, घोडे, रथ यांचे जे स्थान, तेच एका जर्मन यंत्राने घेतले आहे. आणि जमलेल्या हजारो लोकांपैकी कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रांबरोबर हत्यारे, यंत्रे आणि वाहने पुजण्याचा प्रघात असल्यामुळे हे संक्रमण सुलभ झाले असावे. मोटार येथे राजाची मालमत्ता राहिलेली नाही, ती गावाच्या उत्सवाचे अंग बनली आहे. तिचा खर्च मात्र गाव करीत नाही!

हा खर्च नेमका कशावर होतो, हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. युद्धपूर्व इंजिनांत फिरत्या दांड्याखाली व्हाइट मेटलच्या वाट्या असत. त्या झिजल्या की दुकानातून नव्या आणता येत नाहीत. मिश्रधातू वितळवून, हाताने ओतून, पुन्हा मापात खरवडाव्या लागतात. पत्र्याच्या खाली अनेकदा लाकडी सांगाडा असतो आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड काय करते हे सांगावयास नको. टायर झिजून नव्हे, तर वयाने निकामी होतात. चाकांची मापे प्रचारातून गेल्यामुळे टायर परदेशातून मागवावे लागतात आणि त्यांवर जकात भरावी लागते. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्तब्धता. उभ्या मोटारीत पेट्रोल सडते, ब्रेक अडकतात, पाण्याच्या वाटा गंजतात. म्हणजे मैल कमी तितका दर मैली खर्च अधिक, असे हे उलटे गणित आहे. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी मोटार तयार करणे म्हणजे वर्षातून एकदा तिची संपूर्ण तपासणी होणे. धार्मिक विधीने यंत्राच्या निगेचे वेळापत्रक आखून द्यावे, असा हा योग आहे.

अशा कामाला केवळ पैसा पुरत नाही, हात लागतात. या बाबतीत कोल्हापूर सुदैवी आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रांचा कॅमेरा याच शहरात स्वतः घडविला. पुढे उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीतून व निर्मितीतून उद्यमनगर उभे राहिले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे तेथे आजही आदराने घेतली जातात. नमुना पाहून फर्मा करणारा सुतार, ओतशाळा आणि लेथ एका हाकेच्या अंतरावर असणे, ही जुनी मोटार बाळगणाऱ्याची खरी श्रीमंती होय. मुंबईच्या धनिकालाही ती सहज लाभत नाही. मात्र संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर शिकलेल्या तरुणाला हाताने वाटी खरवडण्याचे काम मिळण्याची संधी फार थोडी असते. पूर्वी मोटारखाना अशा माणसाला बारमाही पगार देई. आता त्याला वर्षाकाठी दोनचार कामे मिळतात. भविष्यकाळात पेट्रोलपेक्षा या कौशल्याची टंचाई अधिक जाणवेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पेट्रोलचाही प्रश्न आहेच, आणि तो कोल्हापूरला विशेष रीतीने भिडतो. देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. उसावर जगणाऱ्या या जिल्ह्याला ती लाभाची गोष्ट आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील सांधे त्याला टिकत नाहीत. मोटार दीर्घकाळ उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होऊन गंज चढतो. एके काळी घोड्याची चंदी शिवारातून येई. आता मोटारीच्या इंधनाचा एक हिस्साही शिवारातूनच येऊ लागला, पण तो या मोटारीला मानवत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, अशी फी ठरली. पूर्वीच नोंदलेल्या वाहनांना आपला मूळ क्रमांक ठेवण्याची मुभा मिळाली. नित्याच्या वा व्यापारी वापरास मनाई करून, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्या कारणांसाठी असे वाहन रस्त्यावर आणता येते. या यादीत सीमोल्लंघन नाही. दसरा चौकातील आगमनाला प्रदर्शन म्हणावे की फेरी, हा प्रश्न नियम करणाऱ्यांपुढे बहुधा आलाच नसावा.