शिवेवरची सामाईक विहीर

दोन भावांची वाटणी झाली, शेतात बांध पडला, तरी आपल्याकडे विहीर पुष्कळदा सामाईकच राहते. पाण्याच्या पाळ्या ठरतात. मोटार जळाली की खर्च दोघांत वाटून घ्यावा लागतो. एरवी बोलचाल बंद असली तरी त्या खर्चापुरतं बोलावंच लागतं. श्रोतेहो, युरोपातल्या अशाच एका सामाईक हिशेबाची गोष्ट आज मी सांगणार आहे.

ऱ्हाईन नदीच्या एका काठावर फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग आहे आणि समोरच्या काठावर जर्मनीचं केल. स्ट्रासबुर्ग १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. एका आयुष्यात, घराचा उंबरठाही न बदलता, माणसाने चारदा देश बदलावा असा हा काळ. केलची कथाही तितकीच कडू. महायुद्धाच्या अखेरीस ते गाव रिकामं करण्यात आलं, मग फ्रेंचांच्या ताब्यात गेलं आणि पूर्णपणे जर्मनीकडे परत आलं ते १९५३ मध्ये.

अशा काठांवरची माणसं पुन्हा एकत्र कशी आली? मी पडलो कवी. प्रेमाने आली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण इतिहासात डोकावलं तर तिथे नगरपालिकांच्या बैठका, अंदाजपत्रकं आणि अनुदानाचे अर्ज दिसतात.

सुरुवात झाली १९५८ मध्ये, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवर. ग्रोनाऊ या गावाच्या परिसरातल्या दोन्हीकडच्या स्थानिक संस्थांनी मिळून ‘युरेगिओ’ नावाची संघटना उभी केली. तिच्या कामात पुढे आल्फ्रेड मोझर हे नाव महत्त्वाचं ठरलं. मोझर म्युनिकचे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते पळून नेदरलँड्सला गेले आणि तिथलेच झाले. सीमा ओलांडली म्हणून जीव वाचलेला हा माणूस, उतारवयात शाळा, खेळ आणि भेटीगाठींतून दोन्हीकडच्या लोकांना जवळ आणत राहिला.

पण हे काम बराच काळ वर्गणीच्या बळावर चाललं. मोठा पैसा आला १९९० मध्ये. १९९२ अखेरपर्यंत सगळ्या युरोपीय समुदायाची एकच बाजारपेठ करायची, असं ठरलं होतं. सीमेवरचे प्रदेश राजधानीपासून दूर, रस्ते सीमेपाशी येऊन संपणारे, आणि जकातनाके उठले की तिथल्या नोकऱ्याही जाणार. म्हणून समुदायाने ‘इंटररेग’ नावाची योजना काढली. पहिल्या फेरीत सुमारे एक अब्ज एक्यू, म्हणजे युरोपूर्वीच्या हिशेबी चलनात, एवढी रक्कम होती. २०२१ ते २०२७ या फेरीत ती सुमारे १० अब्ज युरो झाली. युरोपच्या एकूण प्रादेशिक निधीत हा वाटा तसा लहानच आहे.

या पैशाला एक अट होती: सीमेपलीकडचा भागीदार हवा. सुरुवातीला लोकांनी तिच्यातून पळवाट काढली. अर्ज एकत्र करायचा, पैसे वाटून घ्यायचे आणि आपापल्या बाजूला आपापलं काम करायचं. मग नियम कडक होत गेले. आराखडा एकत्र, अंमलबजावणी एकत्र, आणि जबाबदारी घेणारा प्रमुख भागीदार एकच. ज्यांनी एकमेकांना कधी फोनही केला नव्हता, असे दोन गावचे कारकून एकाच टेबलाशी बसू लागले.

यातून काय उभं राहिलं? पिरेनीज पर्वतात सर्दान्या नावाचं पठार आहे. १६५९ च्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले, एक फ्रान्सचा, एक स्पेनचा. फ्रेंच बाजूच्या गरोदर बाईला मोठं इस्पितळ गाठायचं तर हिवाळ्यात घाटरस्त्याने पर्पिन्यांपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर उतरावं लागे. २०१४ मध्ये स्पेनमधल्या पुइगसेर्दा या गावी दोन्ही देशांचं मिळून एक इस्पितळ सुरू झालं. बांधकामाचा खर्च सुमारे ३१ कोटी नव्हे, ३१ दशलक्ष युरो, म्हणजे ३ कोटी १० लाख. त्यातला साठ टक्के वाटा युरोपीय निधीचा. तरी प्रश्न उरलेच. फ्रेंच आईबापांचं मूल स्पेनमध्ये जन्मलं, तर त्याची नोंद कुठे? रुग्ण दगावला, तर मृतदेह सीमेपार न्यायचा कोणत्या कागदावर? इमारत पैशाने उभी राहते. असे कागद एकेक करून सोडवायला माणसं लागतात, आणि एकमेकांवरचा विश्वासही.

पुन्हा ऱ्हाईनकाठी येऊ. २००४ मध्ये तिथे दोन्ही काठांना जोडणारी बाग आणि पादचारी पूल झाला. २०१७ मध्ये स्ट्रासबुर्गची ट्राम केलपर्यंत गेली. तिच्यासाठी बांधलेल्या पुलाला कुणा सेनापतीचं नाव दिलेलं नाही. ते आहे बेआटुस ऱ्हेनानुस या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या ग्रंथप्रेमी विद्वानाचं. मला हे फार भावलं.

आणि मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, हीच सीमा रातोरात बंद झाली. पादचारी पूल अडवला गेला, ट्राम फ्रेंच काठावरच थांबू लागली. निर्णय दूरच्या राजधानीत झाला होता. पण त्याच महिन्यात अल्सास प्रांतातली इस्पितळं भरून वाहू लागली, तेव्हा पलीकडच्या जर्मन राज्याने तिथले अत्यवस्थ रुग्ण आपल्या इस्पितळांत घेतले. जूनमध्ये वाट पुन्हा मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी लावली.

म्हणजे सीमा पुसली गेलेली नाही, आणि अनुदानाने ती पुसली जाणारही नाही. राजधानीतून हुकूम आला की फाटक पडतं. मात्र फाटक पडलं असताना पलीकडे कुणाला फोन करायचा, हे ठाऊक असणं ही तीस वर्षांच्या सामाईक हिशेबाची कमाई आहे. भावांचं प्रेम जमेल तेव्हा जमो. मोटारीचा खर्च मात्र दर साली मिळून भरत राहिलं पाहिजे.