अजरखचा रंग पाणी ठरवते

गडद निळ्या पार्श्वभूमीवर लाल चांदण्या, काळी रेघ आणि त्यांना वेगळे करणारी बारीक पांढरी किनार, अशी कच्छच्या अजरख कापडाची ओळख सांगता येईल. मुंबई-पुण्यातील हस्तकला प्रदर्शनांत अजरखची साडी किंवा ओढणी आता नवलाची राहिलेली नाही. मात्र, हे रंग कापडावर उतरतात ते कारागिराच्या हाताइतकेच गावच्या पाण्याच्या भरवशावर. पाणी बिघडले म्हणून या कलेला एकदा आपले गावही बदलावे लागले आहे.

अजरख हा शब्द निळ्या रंगासाठी असलेल्या ‘अझरक’ या अरबी शब्दावरून आला, असे मानले जाते. ‘आज रख’, म्हणजे आजचा दिवस कापड तसेच राहू दे, अशी लोकव्युत्पत्तीही कारागीर हौसेने सांगतात. ती भाषाशास्त्राला मान्य होण्यासारखी नसली, तरी कामाचा स्वभाव नेमका सांगते. कारण प्रत्येक टप्प्यानंतर कापडाला विश्रांती द्यावीच लागते. हे काम करणारे खत्री मूळचे सिंधचे. कच्छचे राव भारमल यांच्या काळात ते येथे आले आणि सारण नदीकाठी धमडका गावात वसले, अशी त्यांच्या घराण्यांतील आठवण आहे. जागा निवडली ती वाहत्या पाण्यासाठी.

कोरे सुती कापड प्रथम एरंडेल, खार आणि उंटाचे शेण यांच्या मिश्रणात भिजवून मुरवले जाते. धुऊन झाल्यावर ते हिरड्याच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवतात. त्यानंतर चुना व डिंक यांच्या लेपाने नक्षीची बाह्यरेषा छापली जाते. या रेषेवर पुढचा रंग चढत नाही आणि ती पांढरी राहते. काळ्या रंगासाठी लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात व त्या पाण्याला चिंचोक्याच्या पिठाने दाटपणा आणतात. लाल रंगाच्या जागी तुरटी छापली जाते. मग माती, तुरटी व डिंक यांच्या लेपाने ते भाग झाकून कापड निळीच्या कुंडात बुडवतात. निळीचे कुंड लावताना टाकळ्याच्या बियाही वापरल्या जातात. कुंडातून वर काढलेले कापड हिरवट पिवळे दिसते आणि वारा लागताच पाहता पाहता निळे होते. अखेरीस ते मंजिष्ठेच्या पाण्यात उकळले जाते, तेव्हा केवळ तुरटी असलेल्या जागी लाल रंग धरतो. असे चौदा ते सोळा टप्पे आणि मध्ये अनेकदा धुणे, यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

गंमत अशी, की ज्या लोहामुळे काळा रंग मिळतो, तेच लोह पाण्यात विरघळलेले असेल तर बाकी सारे बिघडवते. हिरड्यातील टॅनिन व लोह यांचा संयोग काळा रंग देतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच तत्त्वावर बनत असे. धुण्याच्या पाण्यात लोह जास्त झाले, की हिरडा लावलेले संपूर्ण कापड करडे पडते आणि लाल रंग मळकट होतो.

धमडक्यावर नेमकी हीच वेळ आली. सारण आटली होती आणि काम विहिरींच्या पाण्यावर सुरू होते. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झाले. भूकंपानंतर येथील भूजलातील लोहाचे प्रमाण वाढल्याचे कारागिरांना आढळले. घरे पुन्हा बांधता आली असती, पाणी बदलता येत नव्हते. अनेक कुटुंबांनी भूजजवळ नवी जमीन घेतली आणि तेथे वसलेल्या गावाला अजरखपूर हे नाव दिले. काही कुटुंबे मात्र धमडक्यातच राहिली.

नैसर्गिक रंगांचे ज्ञान त्याआधीच एकदा हातचे जाता जाता वाचले होते. कृत्रिम मंजिष्ठा रंग १८६९ मध्ये आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात येऊ लागली. स्वस्त व झटपट रंगांपुढे हिरडा, मंजिष्ठा मागे पडली. धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी जुनी पद्धत पुन्हा उभी केली आणि आपल्या मुलांना शिकवली. त्यांपैकी इस्माईल खत्री यांना इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये मानद डॉक्टरेट दिली.

नक्षीही आठवणीतूनच पुढे आली आहे. कक्कर म्हणजे ढग, खारेक, चंपाकळी, रियाल ही नावे आकाश, झाडे आणि व्यापार यांतून आलेली. हे ठसे सागाच्या लाकडात कोरले जातात व त्यासाठी गांधीनगरजवळचे पेथापूर प्रसिद्ध आहे. एका नक्षीला प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा लागतो; तो केसभर सरकला तरी पांढरी किनार फाटते.

कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही यंत्रावर छापलेले ‘अजरख प्रिंट’ बाजारात कितीतरी कमी किमतीत मिळते आणि घाईच्या ग्राहकाला फरक कळत नाही. पूर्वी कच्छचे मालधारी पशुपालक जे अजरख वापरत, त्यातील उत्तम कापड दोन्ही बाजूंनी छापलेले असे. पहाटेच्या अंधारात कोणतीही बाजू वर घेऊन ते खांद्यावर टाकता येई, असे त्याचे कारण सांगतात. दोन्ही बाजूंची रेघ जुळवणारे हे ‘बिपुरी’ काम करणारे हात आज थोडेच आहेत.